बिनदाराची राजधानी

काल्पनिक राज्याची कादंबरी लिहायची, म्हणून मी आधी वर्षभर नुसते नकाशेच काढले बघा. कोल्हारची माझी मैत्रीण वंदनाही असलंच लिहिते, पण नकाशाबिकाशा काही न्हाई. म्हणते, "नायिकेला तहान लागली की मी नदी काढते."

तिला ऐटीत माझी राजधानी दाखवली. राजवाडा, देवळं, बाजार, सगळं हुतं.

ती म्हणाली, "तुझ्या गोष्टीत शत्रू वेढा घालून बसलाय, अन् तटाला नुसती उघडी कमान, दरवाजाच न्हाई? घरांनाही न्हाई!"

आमी शनिशिंगणापूरचे. आमच्या घरांना दारं नसतात. ध्यानातच आलं न्हाई.

"बसव आता दारं," ती हसायला लागली.

मी म्हनलं, "एकबी बसवणार न्हाई. वाट मोकळी असून शत्रू बाहेर का थांबला, तेच आता लिहितो!"