चीजशिवायचा खिमा-राजमा

सॅन अँटोनियोतल्या आमच्या खाटकाकडे शनिवारी रांग असते. माझ्यापुढे आमच्या गल्लीतला फिदेन्सियो आणि त्याची मेहुणी एर्मिला उभे होते. त्याची बायको ओफेलिया जाऊन वर्ष झालं होतं.

“भाऊजी, बीफचा खिमा कशाला? तुम्हाला शेगडी तरी पेटवता येते का?”

“उद्या नात जेवायला येतेय. तिला आजीसारखा खिमा-राजमा हवाय.”

“मग करा की.”

“करू कसा? पोरीला हल्ली दूध पचत नाही. आणि चीज नसेल तर तो ओफेलियाचा कसला?”

“चीज ताई तुमच्यासाठी घालायची. तिलाही दूध पचायचं नाही, लहानपणापासून.”

“काहीतरीच! चाळीस वर्षं संसार केलाय मी तिच्याबरोबर.”

“आम्ही बीटाच्या शेतांवर मजुरीला जायचो ना, तेव्हा आई खिमा, राजमा, जिरं आणि सुक्या मिरच्या एवढंच शिजवायची. ताईला तीच चव हवी असायची. चीज घालायच्या आधी ती स्वतःपुरतं वाटीभर काढून ठेवायची.”

“ती ओट्याशी उभ्यानेच जेवायची. मी म्हणायचो, ये की टेबलावर. तर म्हणायची, तुम्ही व्हा पुढे.”

“हं.”

“मला कधी सांगितलं का नाही तिने?”

“तुम्ही दर वेळी पातेलं पुसून खायचात, भाऊजी. काय सांगणार?”

एवढ्यात त्यांचा नंबर आला. किती देऊ, असं खाटकाने विचारलं.

“तिघांना पुरेल एवढा द्या. एर्मिला, तूही ये उद्या. ओफेलिया काय जेवायची, ते मला एकदा जेवू दे.”