ही जखम माझी नाही

मास्तर : तू नको. तुझ्या बापाला बोलाव.

मुलगा : बाबांच्या हाती वस्तरा देऊ नको, असं तुम्हीच इथे भरल्या दुकानात ओरडलात, मास्तर. दोन वर्षं झाली. ते आता खाली पडलेले केस झाडतात, ते बघा कोपऱ्यात.

मास्तर : मैदानावर छड्या खाल्ल्यास, तरी उलट बोलायची खोड गेली नाही तुझी. उद्या ऑपरेशन आहे. दाढी करून या म्हणालेत. नाकाजवळच्या जागेला धक्का न लावता तोच करू शकतो.

म्हातारा : नाकपुडीशेजारचा तोच फोड का? मोत्यासारखा चमकणारा?

मास्तर : कॅन्सर निघाला. कातडीचा.

मुलगा : बाप रे!

मास्तर : लगेच रडू नकोस, मी मरत नाही. डॉक्टर म्हणाले, हा प्रकार पुष्कळांना होतो. सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण असतो तिथे हळूहळू कुरतडत जातो. मला तीस वर्षांचं ऊन बाधलं.

मुलगा : आम्हालाही कवायतीला टोपी घालू द्यायचा नाहीत. ‘टोपी म्हणजे लाड’ म्हणायचात.

म्हातारा : मी तेव्हाच सांगितलं होतं, मास्तर. वस्तऱ्याची चीर चार दिवसांत भरते. ही खपली धरायची, खपली पडायची, की पुन्हा रक्त. महिनोन्महिने तेच. म्हटलं, ही जखम माझी नाही, डॉक्टरांना दाखवा.

मास्तर : मला वाटलं, हात थरथरतो म्हणून तूच कापलंस आणि वर थापा मारतोयस.

म्हातारा : आता किती कापणार?

मास्तर : तेव्हा वाटाण्याएवढ्यावर भागलं असतं. आता अर्धी नाकपुडी जाईल. कपाळाची कातडी आणून लावणार.

मुलगा : तुमच्या त्या एका ओरडण्यानंतर बाबांच्या खुर्चीत कुणी बसेना. आणि मीही तुमचंच ऐकलं. बाबा, घ्या हा वस्तरा. चुकलं माझं.

(म्हातारा वस्तरा उघडतो, मास्तरांच्या गालापाशी नेतो आणि पुन्हा मिटतो.)

म्हातारा : नको रे. दोन वर्षं झाडू धरलाय. सवय गेली की हातही जातो. बघ, आता खरंच थरथरतोय.

मास्तर : म्हणालो होतो ना मी?