शेरेबुकातली एक ओळ

आज हसता येतंय, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इंग्रजी अमदानी. निपाणीजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. दिपोटी साहेब वर्षातून एकदा शाळा तपासायला यायचे. एका वर्षी त्यांनी पद्मव्वाला उभं केलं. तंबाखूवाल्या जैनाची पोर, घरात कानडी. तिला एकही ओळ वाचता आली नाही. साहेबांनी शेरेबुकात शेरा मारला आणि मला बजावलं, "पुढच्या वर्षी हीच पोर वाचेल, नाहीतर तुमची बदली खानापूरच्या रानात."

वर्षभर मी हात धुऊन तिच्या मागं लागलो.

साहेब आले. पुस्तक बाजूला सारून त्यांनी तेच शेरेबुक तिच्यापुढं टाकलं. "घोकलेलं नको. हे वाच."

"पद्मव्वा हिला अक्षरओळख नाही," तिनं खणखणीत वाचलं. "शिक्षक..." आणि गप्पच झाली.

"पुढं?"

पोरीनं ओळीवरचं बोट उचललं. साहेबांनी टाक शाईत बुडवला. "म्हणजे येत नाही."

"येतंय की," ती म्हणाली. "पर न्हाय वाचत."

"का गं?"

"म्होरं आमच्या मास्तरांस्नी आळशी म्हटलंय तुमी. ते खोटं हाय."

साहेबांनी ती ओळ खोडली, खाली काहीतरी लिहिलं आणि शेरेबुक तिच्याकडं सरकवलं.

तिनं ते आधी मनातल्या मनात वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्ये वाचतो, सायेब."