मरडीनाचे निळे हातमोजे

बॅडेकच्या दवाखान्यात मरडीना माझ्या पुढच्या बाकावर बसून बहिणीशी गावाला ऐकू जाईल असं बोलत होती. मागे कोण बसलंय, हे वळून बघायची तिला सवयच नाही.

“शनिवारी जत्रेत लोकांना विणकाम करून दाखवायचंय ना तुला? एक तरी वस्तू पुरी झाली?” बहिणीने विचारलं.

“शाल मागावर अर्धी आहे, मोजा टाचेपाशी अडलाय. गोधडीला अस्तर लावायचंय.”

“मग ही नवी लोकर कशाला?”

“रंग तर बघ.”

“अगं, पण टेबलावर मांडणार काय?”

“चर्चच्या विक्रीत घेतलेले निळे हातमोजे. मीच विणले म्हणेन. कोणाला कळतंय?”

मी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

“खुशाल मांड, मरडीना. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. ते मी कसे विणले, तेवढं मलाही शिकव.”