सोमवारी नीट करतो

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक सासरे डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. शेजारी त्यांची सून, मांडीवर लॅपटॉप.

"इथेही कामच का गं?"

"बाबा, सगळे प्रोग्राम ज्याच्यावर चालतात ना आमचे, त्यात एक भोक सापडलंय. तिथून कुणीही लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरेल."

"मग बुजव की. रोज तेच तर करतेस."

"हा भाग त्याच्या हातचा आहे."

"म्हणजे माझ्या मुलाची चूक?"

"चूक कसली, घाईत ठिगळ लावलं होतं. वर कोडमध्येच तशी चिठ्ठीही लिहून ठेवली होती, आम्ही सगळेच लिहितो तशी."

"सात वर्षं झाली त्याला जाऊन. कुणी वाचली नाही?"

"मी रोज वाचते."

"आणि भोक?"

"ते मंगळवारी कळलं. दुरुस्तीही मंगळवारीच तयार झाली. पण त्यात ती चिठ्ठीसुद्धा पुसली जाते, म्हणून अजून पाठवली नाही."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"तीन दिवस लोकांची दारं सताड उघडी टाकून बसलीस?"

"हो, बाबा."

"पाठव."

"पाठवते."

"थांब जरा. आधी मला वाचून दाखव. आत्ता काही दिसत नाही मला."

"'हे तात्पुरतं आहे. सोमवारी आल्यावर नीट करतो.'"

"असं नाही गं. तो भरभर बोलायचा. परत वाच."