गाडी लिटरला वीस देते, या म्हणण्याबाबत

नाव: परशराम भरमू मुतगेकर. वय: ४९ वर्षे. धंदा: खासगी गाडीवर ड्रायव्हर. शिक्षण: सातवी, मराठी शाळा. राहणार: येळ्ळूर, ता. जि. बेळगाव.

तारीख २१ एप्रिल २०२५, सोमवार. जबाबास सुरुवात सकाळी १०.२० वाजता.

पोलीस ठाण्यात आपल्या पायाने येऊन, साहेबांनी विचारले तेवढे व मला आठवते तेवढे सांगतो, ते असे की,

ठाण्याचे लिखाण कन्नडात चालते. मला कन्नड बोलता येते, वाचताना अडखळतो. म्हणून साहेबांच्या परवानगीने हेड कॉन्स्टेबल अमरदीप कांबळे हा जबाब मराठीत उतरवून घेत आहेत. माझे मालक नागेंद्र सत्याप्पा कडोलकर, राहणार खासबाग, बेळगाव, यांनी मी त्यांच्या गाडीतले पेट्रोल चोरतो अशी तक्रार दिली आहे. तिच्याबाबत हा जबाब आहे.

मालकांचा मच्छे येथे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामाचा कारखाना आहे. मी त्यांच्याकडे सहा वर्षे ड्रायव्हर आहे. सहा वर्षांत अपघात नाही, दंड नाही. या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत ते मला आप्पा म्हणत.

गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला मालकांनी पांढऱ्या रंगाची लहान एसयूव्ही घेतली. कंपनीचे नाव जबाबात नको असे साहेबांनी सांगितले, म्हणून देत नाही. शोरूममधल्या माणसाने छापील कागदावरून वाचून दाखवले की गाडी लिटरला वीस पॉइंट चार किलोमीटर देते. मालकांनी तो कागद मागून घेतला व घडी घालून पाकिटात ठेवला.

त्यानंतर मालक भेटेल त्याला गाडीचे ॲव्हरेज सांगू लागले. खासबागेत ते वीस होते. मच्छेत चहाच्या टपरीवर एकवीस झाले. निपाणीला सासुरवाडीत बावीस झाले. गणपतीत आरतीनंतर मालकांनी तेवीस सांगितल्याचे मी ऐकले, तेही एसी लावून. गाडी जुनी होत गेली तसे तिचे ॲव्हरेज वाढत गेले. मी चावी धरून बाजूला उभा असे. मला कुणी विचारले नाही, मी सांगितले नाही. ही माझी चूक झाली असे आता वाटते.

गाडी प्रत्यक्षात कशी वापरली जाई ते विचारल्यावरून सांगतो. कुठेही गेले की मालक उतरताना म्हणत, "आप्पा, बंद करू नगा, आत गार ऱ्हाऊ दे." बँकेसमोर पाऊण तास, मालकांच्या पत्नी दिपालीवहिनी ब्लाऊज शिवायला टाकायला गेल्या की सव्वा तास, असे चाले. या वेळात गाडी एक हातही पुढे जात नसे, पेट्रोल मात्र जाई. उभ्या गाडीचे ॲव्हरेज शोरूमच्या कागदावर छापलेले नव्हते. डिकीत बिडाच्या नमुन्यांची दोन पोती दसऱ्यापासून आहेत. ती उतरवू का, असे मी तीन वेळा विचारले. मालक म्हणाले, "कवातरी गिऱ्हाइकाला दावाय लागतील." टपावर कॅरियर बसवले आहे. त्यावर आजवर फक्त कावळा बसलेला मी पाहिला आहे. हायवेला लागलो की मालक मागून म्हणत, "दाबा की, मागचा हॉर्न मारतोय." मी दाबत असे.

गाडी सुरू करण्यापूर्वी मी स्टिअरिंगला हात लावून देवीचे नाव घेतो. त्याला अर्धे मिनिट लागते. तेव्हा इंजिन बंद असते.

मालकांचे मेहुणे युवराज हे निपाणीला असतात. मालकांच्या शब्दावर त्यांनी तीच गाडी, त्याच रंगाची घेतली. ८ एप्रिलला मालक गाडीत असताना त्यांचा फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असल्याने मला ऐकू आला.

युवराज म्हणाले, "दाजी, माझी बारा देतीया. तुमची बावीस कशी?"

मालक म्हणाले, "तुझा ड्रायव्हर हाणत असंल पेट्रोल."

"माझ्याकडं ड्रायव्हर कुठला? मीच चालवतो की."

मालकांनी एसी वाढवला. मग म्हणाले, "मग तुला चालवाय येत न्हाय."

"बरं. रविवारी येतो. तुमची चालवून बघतो, शिकाय तरी मिळंल."

रविवार दिनांक १३ रोजी सकाळी अकराच्या सुमारास युवराज खासबागेत आले व मालकांच्या गाडीत पुढे बसले. स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेवर ॲव्हरेज ११.८ दिसत होते. मालक म्हणाले की काच बिघडली आहे. युवराज म्हणाले, "व्हय दाजी? कागद कंपनीचा, काचबी कंपनीची. त्यातलं लबाड कोण म्हणायचं?" दारात उभ्या असलेल्या दिपालीवहिनी हसल्या. वहिनी हसल्या नसत्या तर पुढचे झाले नसते असे माझे मत आहे. मालकांनी काचेकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले व म्हणाले, "परशराम, पेट्रोल कुठं जातंय रं?"

मी म्हणालो, "गाडी पितीया, मालक."

मंगळवार दिनांक १५ रोजी मालक मला माझ्याच गावच्या लक्ष्मीच्या देवळात घेऊन आले. युवराज सोबत होते. आमच्याकडे वाद मिटत नसेल तर देवीसमोर भंडारा, म्हणजे देवीची हळद, उचलून शपथ घेतात. मंगळवार असल्याने देवळात गर्दी होती. माझी आई नागुबाई रोजच्यासारखी पायरीवर बसली होती. तिचे नाव साक्षीदारांत घालू नये.

मालक म्हणाले, "पेट्रोल काढलं न्हाय म्हणतोस न्हवं? मग उचल भंडारा."

पेट्रोलसाठी देवीला मध्ये घालावे असे मला वाटत नव्हते. तिला कामे पुष्कळ आहेत. तरी मी पाय धुतले व भंडारा उचलला. एक थेंब काढला असेल तर माझे हात स्टिअरिंगला लागू नयेत, असे म्हणालो. नंतर म्हणालो, "मालक, आता तुमी उचला. गाडी वीस देतीया एवढंच म्हणा. बावीस ऱ्हाऊ दे."

मालक म्हणाले, "गाडी माझी हाय. मी कशाला शपथ घ्यायची?"

देवळाचे गुरव रवळू यांनी ताट पुढे धरले. म्हणाले, "घ्या की अण्णा. भंडाऱ्याला काय लायसन लागत न्हाय." मालक, फोन आला, असे म्हणून बाहेर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी या ठाण्यात तक्रार दिली.

साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून चाचणी घ्यायची ठरवली. शनिवार दिनांक १९ रोजी सकाळी नऊ वाजता पंपावर टाकी काठोकाठ भरली. हे. कॉ. कांबळे यांनी टाकीच्या झाकणावर कागद लावून लाखेची मोहोर केली. मी चालवायचे नाही अशी मालकांची अट होती. मालक स्वतः चालवायला बसले, शेजारी कांबळे, मागे युवराज व मी. त्या गाडीत मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो. बिडाची पोती मालकांनी त्याच दिवशी सकाळी उतरवली होती.

निपाणीला जाऊन परत यायचे होते. मालकांनी एसी लावला नाही, व वारा आडवा येतो म्हणून काचाही उघडू दिल्या नाहीत. गाडी साठच्या वर नेली नाही. उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. वंटमुरी घाटाच्या उताराला मालकांनी इंजिन बंद केले. तेव्हा कांबळे म्हणाले, "अण्णा, चालू करा. मी पंचनामा लिवाय आलोय, माझा व्हायला नगं." हत्तरगी टोलनाक्यापर्यंत कांबळे यांचा गणवेश पाठीला चिकटला होता. संकेश्वरजवळ युवराज म्हणाले, "दाजी, उतरून ढकलू का? दोन पॉइंट वाढतील."

परत त्याच पंपावर दुपारी सव्वा वाजता पोहोचलो. मोहोर शाबूत होती. गाडी १५४ किलोमीटर चालली होती. टाकी पुन्हा काठोकाठ भरायला ११ लिटर लागले. कांबळे यांनी कागदावर भागाकार केला. मालकांनी मोबाइलवर केला. दोन्ही उत्तरे चौदा आली. मालक म्हणाले, "आज वारं उलटं हुतं." जातानाही आणि येतानाही का, असे कांबळे यांनी विचारले. मालकांनी मोबाइल खिशात घातला.

आज सकाळी दहा वाजता ठाण्याच्या फाटकाशी मालक मला भेटले. आठ दिवसांनी त्यांनी मला आप्पा म्हणून हाक मारली. म्हणाले, "आप्पा, तक्रार मागं घेतो. गैरसमज झाला म्हणून लिवू. उद्यापासनं कामावर या. तेवढा चौदाचा आकडा जबाबात नगं. माझ्या शब्दावर चार घरांनी ही गाडी घेतलीया."

मी म्हणालो, "मालक, आकडा लिवला न्हाय तर पेट्रोल मीच प्यालो असं हुतंय की."

ते म्हणाले, "काम जाईल, आप्पा."

माझे वय ४९ आहे. दुसरे काम मला येत नाही, हे खरे आहे. पण आई देवळाच्या पायरीवर अजून रोज गावासमोर बसते. म्हणून माझी विनंती आहे की आकडा अंकात व अक्षरात लिहावा. १४, चौदा. एसी बंद, पोती उतरवून, साठच्या वेगाने, मालक स्वतः चालवत असताना. गावात व शहरात ११.८ हे काचेवर दिसते ते बरोबर आहे. मालकांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. गाडीविरुद्धही नाही. ती पहिल्या दिवसापासून खरेच सांगत होती.

माझ्याकडची चावी मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. मालकांकडे दुसरी आहे. ते बाहेर गाडीत बसून जबाब संपण्याची वाट पाहत आहेत, हे येथील खिडकीतून दिसते. काचा बंद आहेत. गाडीखाली एसीचे पाणी ठिबकून वीतभर जागा ओली झाली आहे.

हे. कॉ. कांबळे यांनी सर्व मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. आकडे मी दोनदा वाचायला लावले. माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे, जास्त नाही, कमी नाही. वाचन संपले तेव्हा ११.५५ झाले होते. इंजिन चालूच होते.

सही: प. भ. मुतगेकर