गुंड्याची पाण्याची वाटी

"हॅलो? हो, मीच. तनू, रडू नको आधी. काय झालं?"

ताथवड्याहून लेकीचा फोन. निघोज्यात घरात रेंज धड येत नाही, म्हणून कुसुमताई बाहेर ओट्यावर आल्या.

"गुंड्याने परत गादीवर केलं?… निरंजनराव चिडणारच गं… नाही, नाही, इकडे आणून सोडायचं नाही. गावची कुत्री बोक्याला ठेवतील का?… अगं ऐक ना. मांजर सूड उगवत नाही. त्याचं वाळूचं घमेलं कशाने धुतेस?… फिनेलने? मग वासाने जात नसेल… जातो? बसतो आणि काहीच होत नाही?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधीपासून?… कालपासून. आणि गादीवर किती होतं?… थेंबभर. बसल्यावर ओरडतो?… तनू, ही खोडी नव्हे. त्याची लघवी अडलीय. शेजारच्या मोईजच्या बोक्याचं असंच झालं होतं, डॉक्टरांनी नळी घातली… हो, वाचला. लगेच नेला म्हणून. पाणी पितोय का बघ…

वाटी उचलून ठेवलीस? कुणी सांगितलं?

मी?…

अगं, ते तुझं होतं. तू अंथरूण ओलं करायचीस, म्हणून मी रात्री पाणी द्यायची नाही. माणसाचं पोर आणि बोका एक का गं?… नाही, तुला बोलत नाहीये. ऐक."

समोरून नुसते हुंदके येत होते. ताईंनी आवाज खाली आणला.

"निरंजनरावांना लाव… हो, फोन लॉकरमध्ये. रात्री शिफ्ट सुटेपर्यंत देत नाहीत. मग रिक्षा बघ. डॉक्टर हिंजवडी रस्त्याला ना?… माहितीय, आता कंपन्या सुटल्यात, गाडी मुंगीसारखी सरकणार. तरी नीघ. टॉवेलात गुंडाळ आणि…

काय म्हणालीस?

ओरडायचा थांबला… म्हणून तुला बरं वाटलं."

ताई खाली बसल्या.

"पोटाला हात लाव… घट्ट. कान?… गार. नाही गं, झोपलेला नाही तो… वाचेल का ते मला विचारू नको. मला नाही सांगता येत. तू नीघ… चप्पल राहू दे. रड, पण रिक्षात बसून रड… नाही, मी नाही ठेवत फोन. तू ठेव, तनू. त्याला उचलायला दोन्ही हात लागतील."